ओआरएस मागितलं तर ओआरएसच मिळायला हवं

मेडिकलमध्ये जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हटलं की गेली कित्येक वर्षं दोनपैकी काहीही हातात पडायचं. एकतर जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी, पाण्यात विरघळवायची पावडरची पुडी, म्हणजे खरं ओआरएस, नाहीतर स्ट्रॉ लावून प्यायचा, सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक. लेकराला जुलाब होतायत, रात्रीचे दहा वाजलेत, अशा वेळी आईबाप टेट्रापॅक उचलणारच. मूल तो कुरकुर न करता पितं. पण जुलाबात या दोन वस्तू पोटात जाऊन एकमेकींच्या उलट काम करू शकतात.

कारण साधं आहे, आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. जुलाबातही आपलं आतडं मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत घेऊ शकतं, आणि त्यांच्या मागून पाणी आत येतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज यांच्या कणांची संख्या बरोबरीची ठेवलीय, वजन मात्र वेगवेगळं. एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. साखर याच्या कितीतरी पट झाली की गणित उलटतं. ती साखर शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

हे सूत्र किती मोलाचं आहे ते १९७१ मध्ये दिसलं. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात घालून पिंपांतून वाटायला लावलं, रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. जिथे शंभरातले तीसेक जण दगावत होते, तिथे मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्याकडे अजूनही जुलाब झाले की ‘एक सलाईन लावा डॉक्टर’ म्हणणारे खूप आहेत. ज्याला पिता येतंय आणि जे पितोय ते पोटात राहतंय, अशा बहुतेक रुग्णांचं काम या पुडीनं भागतं.

आणि अशा औषधाचं नाव सरबतावर छापायला परवानगी होती! याचा मला मनापासून संताप आहे. जुलै २०२२ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, कंपन्यांना आपल्या ट्रेडमार्कला जोडून ‘ओआरएस’ हा शब्द वापरू दिला. अट एवढीच, की ‘हे डब्ल्यूएचओनं सांगितलेलं ओआरएस नाही’ अशी सूचना छापायची. एकाच डब्यावर नावात ओआरएस आणि सूचनेत ‘हे ओआरएस नाही’. वर ही सूचना इंग्रजीत. नातवाला कडेवर घेऊन दुकानात आलेल्या आजीनं ती कशी वाचावी?

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध आठेक वर्षं लढत राहिल्या. अशा पेयांत लिटरमागे सुमारे १२० ग्रॅम साखर असल्याचं त्या दाखवून देत होत्या. सूत्रातल्या साडेतेरा ग्रॅमच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणानं ती परवानगी मागे घेतली. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण आता सूत्राबरहुकूम नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात हा शब्द चालत नाही.

तरी मी पाकीट उलटायची सवय सोडणार नाही. नाव बदलतं, पण फळाचं चित्र आणि ‘एनर्जी’, ‘हायड्रेशन’ असे शब्द राहतात. दुकानात त्याची जागाही तीच राहते, औषधांच्या शेजारी.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी खूण ही: मागच्या बाजूला परवाना कुठला आहे ते बघायचं. एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक असेल, तर कायद्याच्या नजरेत ती वस्तू खाद्यपदार्थ आहे. ती मेडिकलमध्ये मिळाली म्हणून औषध होत नाही. पुडीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो आणि वर दिलेले घटक ग्रॅममध्ये लिहिलेले असतात. हीच खूण प्रोटीन पावडरला लागू, सांधेदुखीच्या ‘सप्लिमेंट’ला लागू, उंची वाढवणाऱ्या डब्याला लागू. हेल्थ सप्लिमेंटवर तर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारकच आहे. जो विक्रेता त्याच डब्यानं शुगर बरी होईल म्हणतो, त्याला ती ओळ बोट ठेवून दाखवावी. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे.

‘लोकांनी वाचावं ना’ एवढं म्हणून कंपन्यांना आणि सरकारला मोकळं सोडणं मला मान्य नाही. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं वाचणं ही आजारी माणसाची जबाबदारी असू शकत नाही. पण घरात ज्याला वाचता येतं, त्यानं बाकीच्यांसाठी वाचावं. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी शेजारच्या काकूंचं पाकीटही वाचून द्यावं.

पुडी खरी असली तरी ती चुकीची कालवली जाते, हेही लिहितो. एक लिटरची पुडी म्हणजे मोजून एक लिटर पाणी, उकळून गार केलेलं. त्यातली चिमूट पेल्यात टाकायची नाही, आणि अख्खी पुडी एका पेल्यात तर मुळीच नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं ठरतं. पेल्यापुरती हवी असेल तर २०० मिलीची छोटी पुडी वेगळी मिळते. दुधात, ज्यूसमध्ये कालवू नका, वरून साखर घालू नका. तयार पाणी चोवीस तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध, पेज, वरणभात बंद करू नका. पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, पुडी मिळेपर्यंत.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात राहीना, तर पुडीवर विसंबू नका, तडक दवाखाना गाठा.

सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ही पुडी झिंकच्या गोळ्यांसोबत फुकट मिळते. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्यायच्या असतात. आणि ‘ओआरएस’ नावाचा जुना टेट्रापॅक अजून कुठल्या दुकानात दिसला, तर फोटो काढा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. दुकानदाराशी भांडू नका, बऱ्याचदा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.