डेटा सेंटर बघायला जाताय? चहा घ्या आणि सही करा

ऐरोली-महापे पट्ट्यात कंपनीचे सर्व्हर ठेवायला जागा बघत असाल, तर सकाळी अकराची वेळ घ्या. लॉबी गार असते, सेल्सवाला ताजातवाना असतो. रात्री दोनला जायचा आगाऊपणा नको. शिफ्टवर खरंच कोण असतं ते उगीच कळतं.

भिंतीवर 'टियर ३'चं, म्हणजे देखभालीसाठी एखादं यंत्र बंद केलं तरी सर्व्हर चालू राहतात या दर्जाचं, प्रमाणपत्र दिसलं की फोटो काढून साहेबांना पाठवा. ते नकाशाला मिळालंय की बांधून झालेल्या इमारतीला, हे वाचत बसू नका. हा दर्जा देणारी अपटाइम इन्स्टिट्यूट दोन्हींची प्रमाणपत्रं वेगवेगळी देते, आणि डिझाइनच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची. असू दे. कागदावर पाइप कधी गळत नाही.

मग जनरेटर. "दर आठवड्याला चालू करून बघतो" म्हणाले की मान डोलवा. लोडवर चालवता का, हे विचारू नका. बिनलोड फिरवत राहिलं की न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते आणि खरा लोड आला की इंजिन धापा टाकतं. बऱ्याचदा तर तेही होत नाही, कारण स्टार्टरची बॅटरीच मेलेली असते. यूपीएसच्या बॅटऱ्यांवरची उत्पादनाची तारीख बघायला वाकू नका, कंबर धरेल. त्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीला दुसरी अशा माळेत जोडलेल्या असतात. एक सेल ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की अख्खी माळ (स्ट्रिंग) गेली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली होती, त्या दिवसाचा लॉग मागणं तर निव्वळ असभ्यपणा. '४८ तासांचं डिझेल' हे पूर्ण लोडवर की आजच्या अर्ध्या रिकाम्या हॉलवर, हेही नको. पावसात टँकर आपल्याकडे आधी येणार की शेजारच्या सेंटरकडे, हा प्रश्न त्यांनाही पडलेला नसतो.

रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, ए आणि बी असे विजेचे दोन फीड मिळतील, एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार उचलायला. पैसे मोजलेत, तर दोन्ही भरून वापरा. ३२ अँपिअरच्या प्रत्येक पीडीयूवर (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) २२-२२ अँपिअर छान बसतात, वर्षभर काही होत नाही. ए फीड मेंटेनन्सला बंद केला की बी वर ४४ येतात आणि ब्रेकर आपलं काम चोख करतो. दोन्ही मिळून २५ च्या आत ठेवणारे लोक भित्रे.

फायबर दोन कंपन्यांचं घ्या. दोन्ही गेटबाहेरच्या एकाच चेंबरमधून येतात का, ते झाकण उघडून बघू नका. जेसीबीवाला एका फटक्यात सांगेल.

बॅकअप वरच्याच मजल्यावर ठेवा, केबल कमी लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एसबीजी-२ हे डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांची रिस्टोअर करायची कटकटच वाचली.

करार मात्र शेवटच्या पानापासून वाचायला घेऊ नका. ९९.९८२ टक्के वेळ चालू राहण्याची हमी म्हणजे वर्षाला सुमारे ९५ मिनिटं बंद, आणि बरेचदा 'नियोजित देखभाल' त्यात धरलेलीच नसते. भरपाई मिळते, मिळत नाही असं नाही. पुढच्या महिन्याच्या भाड्यात थोडी सूट. त्या दुपारी बुडालेल्या ऑर्डरींचा त्यात उल्लेख नसतो. जायची वेळ आलीच, तर आपलेच सर्व्हर बाहेर काढायला गेटपास लागतो, आणि तो 'थकबाकी नाही' असं अकाउंट्सने लिहून दिल्यावर. अकाउंट्सचा माणूस सोमवारी येतो.