पुराचे पैसे खरंच सरपंचाच्या हातात असतात का? ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

नद्या फुगल्या की कोकणातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. पूर आला की सरकार ग्रामपंचायतीला लाखो रुपये देतं. यादीत कोणाचं नाव घालायचं ते सरपंच ठरवतो. वित्त आयोगाचे पैसे पडून असतात, तेही पूरग्रस्तांना वाटत नाहीत. नदीतला गाळ काढत नाहीत, बाकीही काही करत नाहीत. म्हणून यंदा घरपट्टी-पाणीपट्टी कोणी भरू नये. आणि सोबत 2021 च्या चिपळूणचा एखादा फोटो.

ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरून गेलंय त्याचा राग मला समजतो. पण हा मजकूर त्याला चुकीच्या दारात उभा करतो. तो ग्रामपंचायतीत भांडत बसतो आणि तिकडे वाडीतले पंचनामे उरकले जातात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी त्या फोटोबद्दल. चिपळूण आणि महाड ही शहरं, तिथे नगरपरिषद आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि सावित्रीने तिथे जे केलं त्यावरून ग्रामपंचायतीचा कारभार जोखता येत नाही. ग्रामपंचायतीचं बघायचं तर चिपळूणच्या शेजारची खेर्डी बघा, अंबा नदीकाठचं नागोठणे, खारेपाटण किंवा तेरेखोलच्या काठचा बांदा बघा.

"मदतीचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात"

येत नाहीत. पुराची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. जिल्हाधिकारी, मग तहसीलदार, असा तिचा मार्ग आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात मात्र जुनीच नावं चालतात. यादी तहसील कार्यालयातून ऑनलाइन चढते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेतू केंद्रात आधारवर ई-केवायसी करायची आणि मग पैसे थेट बँक खात्यात. या वाटेत ग्रामपंचायतीचं खातं कुठेही लागत नाही.

2021 ला राज्याने निकषांपेक्षा वाढीव मदत दिली होती. घर पाण्यात गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी 5,000 आणि भांड्यांसाठी 5,000. दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, पण 50,000 च्या वर नाही. टपरीवाल्याला जास्तीत जास्त 10,000. आकडे अपुरे होते हे मलाही मान्य आहे. पण ते मंत्रालयात ठरले होते. तुमची रक्कम अडली असेल तर पहिली चौकशी तहसीलला करा, आणि त्याच्याही आधी आपली ई-केवायसी झाली का ते बघा.

"यादीत नाव घालणं सरपंचाच्या मर्जीवर असतं"

यात थोडं तथ्य आहे. पंचनाम्याला सरपंच, सदस्य, पोलीस पाटील हजर असतात, पंच म्हणून सह्या करतात. तलाठी बाहेरगावचा असेल तर कोणत्या वाडीत आधी जायचं हे त्याला गावातलंच कोणी तरी सांगतं. तिथे पक्षपात होतो आणि तो होतो हे म्हणायला मी कचरणार नाही. पण आपल्याकडे नावं गळतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी.

पहिलं कारण बंद घर. घरवाले मुंबईला, चावी शेजारच्या काकींकडे, काकी स्वतःच्या घरातला चिखल ओढण्यात गुंतलेल्या. पंचनामा करणारे दाराला कुलूप बघून पुढे जातात. दुसरं, घर अजून आजोबांच्या नावावर. ते जाऊन वीस वर्षं झाली, वारस सात, त्यातले चार मुंबई-पुण्याला. खातं कोणाचं द्यायचं यावर कागद अडतो. शेतीचं तर याहून कठीण. सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामाईक नावं आणि सगळ्यांचं संमतीपत्र आणायला सांगतात. 2021 ला दुकान-टपरीसाठी स्थानिक मतदार यादीत नाव आणि रेशनकार्ड हवं होतं. ज्यांनी नाव मुंबईला हलवलं होतं ते तिथेच थांबले.

आणखी एक गोष्ट मी घरोघरी बघितली आहे. पाणी उतरलं की बायामाणसं तासाभराच्या आत चिखल काढायला लागतात. ते बरोबरच आहे, कारण तो लाल गाळ वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. पण पंचनामा होतो दोन-तीन दिवसांनी. तोवर ओटी धुतलेली, भिंत पुसलेली, भिजलेले तांदूळ टाकून दिलेले. मग लिहिणारा विचारतो, पाणी कुठवर होतं? म्हणून झाडू हातात घेण्याआधी मोबाईल घ्या. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तिच्याशेजारी घरातलं कोणी तरी उभं करा आणि फोटो काढा. फ्रिज, गादी, कणगी, मीटर यांचेही काढा. घर बंद असेल तर शेजाऱ्याने दार उघडून काढावेत आणि तलाठ्याला पाठवावेत. नाव राहिलंच तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वाटप झाल्यावर लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायची असते. पक्षपाताचा संशय असेल तर ती यादी वाडीनिहाय तपासा आणि नावानिशी तक्रार करा.

शेतीच्या मदतीचा हिशेबही समजून घ्या, कारण तो न कळल्यामुळे "मधल्यामध्ये खाल्ले" असा समज होतो. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी 8,500 होते. म्हणजे गुंठ्याला 85 रुपये! आपल्याकडे भाताचे दळे, म्हणजे शेताचे तुकडे, चार-पाच गुंठ्यांचे, त्यामुळे हातात किमान रकमेएवढे 1,000 रुपयेच पडायचे. हा निकष घाटावरच्या मोठ्या शेतांकडे बघून ठरवल्यासारखा आहे आणि त्यावर भांडायला हवं, पण ते भांडण सरपंचाशी नाही. शेतात 3 इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला त्याच निकषांत हेक्टरी 18,000 वेगळे होते. पंचनाम्यात गाळाची नोंद वेगळी करायला सांगा, ती बहुतेकजण करून घेत नाहीत.

"वित्त आयोगाचा पैसा वाटून टाका"

कायद्याने वाटता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 च्या निधीतले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखीव केले. त्यातले निम्मे पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार देता येत नव्हते. काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं आणि आराखडा ग्रामसभेने मंजूर करावा लागतो. कोणाच्या हातात रोख ठेवायची सोयच नाही. जिथे निवडून आलेली कार्यकारिणी नसून प्रशासक आहे, तिथे तर हप्ताच थांबतो, कारण ती आयोगाची अट आहे.

मात्र फुटलेली पाइपलाइन, गटारं, बुजलेली विहीर ही कामं बंधित निधीत बसतात. "पैसे वाटा" याऐवजी "या महिन्यात आराखडा बदलून नळयोजना दुरुस्त करा" अशी मागणी केली तर ग्रामपंचायतीला नाही म्हणता येणार नाही.

"नदीतला गाळ काढत नाहीत"

मोठ्या नदीचं पात्र जलसंपदा विभागाकडे, खाडीचं खारं पाणी अडवणारा खारबंधारा खारभूमी विभागाकडे, मोठा पूल बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे, वीज महावितरणकडे. वाशिष्ठीचा गाळ निघाला तो चिपळूणकर उपोषणाला बसले आणि राज्य सरकार हललं म्हणून. गावातले वहाळ-पऱ्ये म्हणजे छोटे ओढे, गटारं आणि पाखाड्या मात्र ग्रामपंचायतीच्या. मे महिन्यात त्या साफ झाल्या होत्या का, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

"ग्रामपंचायत काहीच करत नाही"

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे वाक्य, कारण पुरानंतरचं सगळ्यात जोखमीचं काम ग्रामपंचायतीकडेच आहे आणि तिकडे कोणी बघत नाही. ते काम पिण्याच्या पाण्याचं.

पुराचं पाणी विहिरीत शिरतं तेव्हा सोबत गोठ्याचं, संडासाच्या टाकीचं पाणीही येतं. आधी उपसा करायचा, गाळ काढायचा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. नेहमीचं माप 1,000 लिटरला 5 ग्रॅम. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर ते साधारण 28,000 लिटर होतं, म्हणजे 140 ग्रॅम. पुरानंतर मात्रा वाढवावी लागते. पावडर बादलीत कालवून, निवळी वरून ओतायची आणि तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. टेस्ट विहिरीवर करून भागत नाही, योजनेच्या शेवटच्या नळावर करायची. वरच्या वाडीला पिवळं आणि खालच्या वाडीला पांढरं, असं खूपदा होतं, कारण मध्ये पाइप फुटलेला असतो.

हे काम करतो तो जलसुरक्षक, तुटपुंज्या मानधनावर. पावसाळ्यात पावडरची गोणी उघडी राहिली तर दमट हवेने तिचा जोर जातो. मग पावडर पडते पण क्लोरीन उतरत नाही आणि आठवड्याभरात जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका वेगळा. त्याच्या गोळ्या आरोग्य उपकेंद्रातून आशाताई देतात, पण कोणत्या वाडीत आधी जायचं हे ग्रामपंचायतीने त्यांच्यासोबत बसून ठरवलं तरच त्या वेळेवर पोचतात.

"घरपट्टी भरू नका"

पावडर, पंपाचं वीजबिल, जळालेली मोटर, रस्त्यावरचे दिवे, जंतुनाशक फवारणी हे सगळं चालतं घरपट्टी-पाणीपट्टीवर. समजा 400 घरांचं गाव आहे आणि घरामागे वर्षाला 500 रुपये घरपट्टी. पूर्ण वसुली झाली तरी 2 लाख. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे. उरले 1 लाख 40 हजार. निम्म्या लोकांनी भरली नाही तर 70 हजार, आणि पुरात बुडालेली मोटर त्यातूनच आणायची.

शिवाय घरपट्टीची पावती आणि नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा हा त्या जागी तुमचं घर होतं याचा सरकारदरबारी चालणारा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही, पण घर वाहून गेल्यावर दाखवायला दुसरं काय उरतं?

15 ऑगस्टची ग्रामसभा जुलैच्या पुरानंतर काही आठवड्यांतच येते. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तिथे जा आणि टीसीएलची साठा नोंदवही मागा, ओटी टेस्टची रोजची नोंद मागा, मे महिन्यातल्या वहाळ सफाईचं बिल मागा. तपासणीला पाठवलेल्या पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल वाचून दाखवायला सांगा, आणि गावाला लाल कार्ड, म्हणजे पाणी जोखमीचं असल्याचा आरोग्य विभागाचा शेरा, मिळालं असेल तर ते कोणत्या विहिरीमुळे मिळालं, हेही.