मुलीला घरी शिकवतो म्हणून आम्हाला शिक्षा होणार?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सोसायटीच्या, माहेरच्या आणि भिशीच्या अशा तिन्ही ग्रुपवर आला. मुलाला शाळेत न घालणं गुन्हा आहे, आईबापांना शिक्षा होते. अशा मुलाला दहावी देता येत नाही. एकदा शाळा सुटली की परत कुणी घेत नाही. आणि घरात राहून मूल माणूसघाणं होतं. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, पाचवी झाल्यापासून घरीच शिकते. मेसेज वाचून जाऊबाईंनी रात्री साडेदहाला घाबरून फोन केला, म्हणून हे लिहायला बसले.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं कलम १० सांगतं. एवढं खरं. पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद असं त्या कायद्यात कुठंही नाही. दंड आहे तो शाळांना, उदाहरणार्थ मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला. मात्र घरच्या शिक्षणाला कायद्याची स्पष्ट मान्यता आहे, असंही कुणाला छातीठोक सांगू नका. तसं कलम नाही. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला दोन शिक्षिका आमच्या दारात आल्या, तेव्हा मी सगळ्या वह्या पुढे ठेवल्या. दार लावून घेतलं की संशय वाढतो.

दहावीचं नीट समजून घ्या, कारण लोकांचा धीर इथंच सुटतो. एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते. पाच विषय, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. राहिला तो विषय तेवढा पुन्हा द्यायचा. दुसरी वाट राज्य मंडळाच्या सतरा नंबर फॉर्मची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायची. तिथं पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून आम्ही पाचवी होईपर्यंत थांबलो आणि दाखला जपून ठेवला. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पुढं डॉक्टर होता येत नाही म्हणावं, तर मुक्त शाळेच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेपासून अडवणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८मध्येच रद्द केला.

परत शाळेत जायचं झालं, तर वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्या, असं त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं. आम्ही सहज चौकशी केली तेव्हा एका खासगी शाळेनं टोलवाटोलवी केली, हे खरं. पण एका शाळेचा नकार म्हणजे कायदा नव्हे.

राहिलं माणूसघाणेपण. आमच्या सोलापुरात, साखर पेठेत ओळखीच्या एका मावशींच्या घरी टॉवेलचे माग आहेत. दर मंगळवारी लेक तिथं जाते. परवा भिंग लावून एका इंचात आडवे धागे किती ते मोजत होती. पहिल्यांदा ३८ आले, मग ४१. मावशी तेलुगूत म्हणाल्या, ‘इंकोसारि’, म्हणजे अजून एकदा. तिसऱ्यांदाही ४१ आले, तेव्हा कुठं तिनं वहीत लिहिलं. धोटा (आडवा धागा नेणारं साधन), कांडी (त्यातली धाग्याची नळी) हे शब्द तिला आमच्याआधी कळले. उभ्या धाग्याला तेलुगूत पडुगु आणि आडव्याला पेका म्हणतात, हे तर मला तिच्याकडूनच समजलं. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत ऐकू येतात अशा सोलापुरात मूल माणसांवाचून कसं वाढेल?

पण तिच्या वयाच्या सोबतीचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. सोसायटीतली सगळी पोरं दुपारी शाळेत असतात. तेव्हा ती पुस्तक घेऊन जिन्यात बसते, आणि साडेपाचला शाळेची रिक्षा वळली की चप्पल न घालताच फाटकाकडे पळते.