"सोडून द्या की जंगलात": एका कमेंटला उत्तर

अनाथ चिंपांझींच्या सँक्चुअरींवरच्या लेखाखाली एका वाचकाची कमेंट आलीये, नाव नाही टाकलेलं, ठीक आहे. म्हणणं थोडक्यात असं: या सँक्चुअरी म्हणजे पाटी बदललेली झू, एवढा पुळका असेल तर सोडून द्या की जंगलात, पण मग देणग्या बंद होतील ना, आणि लेखक महाशय घरी बसून गळे काढतायत. शिवाय तिथे पर्यटक आणतात, पैदास करतात, त्यापेक्षा जंगलावर खर्च करा वगैरे.

आधी भाषेचं बघू. मतभेद असू देत, मी कधी नको म्हटलंय, पण ज्याला आपण ओळखत नाही त्याला "गळे काढतो" म्हणायचं आणि शेवटी स्मायली टाकायची, ही कुठली पद्धत? आणि घरी बसून? अहो, मी रेस्क्यू सेंटरमध्ये काम केलंय, माकडाची पिल्लं बाटलीवर वाढवलीयेत. खाली ठेवलं की किंचाळतात, शर्टाची कॉलर मुठीत धरूनच झोपतात, एक हात सोडवला की पायाने पकडतात. तुम्ही केलंय यातलं काही? नसेल केलं तर निदान विचारायचं तरी.

आता "सोडून द्या". कुठे सोडू, सांगा ना. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं, त्यानंतरही कितीतरी वर्षं तिच्यामागे फिरत शिकतं, कुठलं फळ कुठे मिळतं, काडीने वाळवी कशी काढायची, रात्री फांद्या वाकवून घरटं कसं करायचं. सँक्चुअरीत येणाऱ्या पिल्लाची आई बहुतेक वेळा मांसासाठी मारलेली असते. मग हे त्याला शिकवणार कोण, तुम्ही?

बरं, शिकलं समजा. रिकामं जंगल असतं कुठे? जिथे जंगली चिंपांझी आहेत तिथे त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि परका नर दिसला तर ते त्याला जिवेही मारू शकतात. काँगोच्या कोंकुआती जंगलात १९९६ पासून असे अनाथ चिंपांझी खरंच सोडले होते, कितीतरी वर्षांच्या तयारीनंतर, माग काढायला माणसं ठेवून, तरी नरांवर हल्ले झालेच. आणि माणसाची भीती मेलेला प्राणी गावाशेजारी सोडायचा? सिएरा लिओनच्या ताकुगामा सँक्चुअरीतून २००६ साली ब्रूनो नावाचा नर आणि त्याच्यासोबतचे चिंपांझी पळाले तेव्हा एका माणसाचा जीव गेला. पळालेल्यांतले बहुतेक नंतर परत आले, त्याच "झू"मध्ये.

तरी सोडणं चूक आहे असं मी म्हणतच नाहीये, गिनीमध्येही २००८ ला केलंय. ते "एवढं सोपं" नाही, इतकंच म्हणतोय, आणि मूळ लेखातही हेच होतं, वाचला असता तर दिसलं असतं.

पर्यटकांचा मुद्दा थोडाफार मान्य, माणसाची साधी सर्दीसुद्धा त्यांना जड जाते, त्यामुळे गर्दी जितकी कमी तितकं बरं. पैदासीचं मात्र काहीही, बहुतेक ठिकाणी माद्यांना गर्भनिरोधक इम्प्लांट लावतात. जंगलावर खर्च करा म्हणता, तर काँगोमधली चिंपुंगा काय आहे ते बघा, राखीव जंगलातच आहे ती सँक्चुअरी. बाकी मुद्द्यांवर लिहायला आत्ता वेळ नाही.

पुन्हा कमेंट करणार असाल तर जरूर करा, फक्त "महाशय" नको, त्या टोनमधली पुढची कमेंट मी अप्रूव्ह करणार नाहीये.