पेरू निर्दोष आहे

रविवारी शिर्डीहून नगरला परत येताना राहात्याला आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि दोन किलो पेरू घेतले. त्यातला एक तिथंच चिरून, तिखट-मीठ लावून खाल्ला. वेळ दुपारी चारची. खाणारी मी. साक्षीदार नवरा आणि सासूबाई. इथपर्यंत दोन्ही पक्षांत काही वाद नाही.

रात्री आठला माझा घसा खवखवू लागला. साडेनऊला पहिली शिंक आली. दुसरी यायच्या आत सासूबाईंनी आतल्या खोलीतून निकाल देऊन टाकला.

"पेरू."

एवढंच. ना तपास, ना उलटतपासणी.

मी गेली 22 वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या चाचणीत ‘सर्दी कशामुळे होते?’ हा प्रश्न एका गुणासाठी हमखास घालते आणि ‘थंड खाल्ल्याने’ असं लिहिणाऱ्याला शून्य देते. घरात शून्य द्यायची सोय नाही. तरी प्रयत्न केला.

"आई, सर्दी विषाणूमुळे होते. पेरूमुळे नाही होत."

"असतील की विषाणू त्या पेरूत. धुतला होतास?"

धुतला नव्हता. हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवला.

मग मी त्यांना ऱ्हायनोव्हायरसची ओळख करून दिली. सर्दी करणारे विषाणू पुष्कळ आहेत, पण त्यांतला थोरला हाच. ‘ऱ्हायनो’ म्हणजे ग्रीक भाषेत नाक. गेंड्याच्या इंग्रजी नावात जे आहे तेच. (त्या रात्री मला आरशात दोघांतलं साम्य दिसत होतं.) याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एका प्रकाराशी झगडून शरीर जरा शहाणं होतं, तोवर त्याचा चुलतभाऊ दारात उभा. म्हणून मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलांना सहा-आठदा सर्दी होते, आणि आधीच्या अनुभवाचा कुणालाही फारसा उपयोग होत नाही. या विषाणूला 33 अंशांच्या आसपासची हवा मानवते. आपलं अंग 37 अंशांचं, पण नाकातून सतत वारा खेळत असल्यामुळे तिथं जरा गारवा असतो. तो तिथंच बिऱ्हाड करतो.

"आणि मुख्य म्हणजे," मी कॅलेंडर काढून पेन सरसावलं, "शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला त्याला एक ते तीन दिवस लागतात. अगदीच घाई केली तरी अर्धा दिवस. पेरू खाल्ला चारला, घसा धरला आठला. चार तासांत कसं शक्य आहे?"

सासूबाईंनी कॅलेंडरकडे नीट पाहिलं.

"तुझ्या विषाणूला लागत असतील तीन दिवस," त्या म्हणाल्या, "पेरूला नाही लागत."

रात्री झोप कशी ती नाही. सर्दीत दोन्ही नाकपुड्या बहुधा एकदम बंद होत नाहीत, त्या पाळीपाळीनं बंद होतात. तसं पाहिलं तर हे चक्र एरवीही चालूच असतं. काही तास एका नाकपुडीच्या आतला पडदा सुजतो, मग दुसरीच्या. आपल्याला पत्ता लागत नाही इतकंच. सर्दी झाली की पत्ता लागतो. शिवाय ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी दाटते. मी रात्रभर तव्यावरच्या भाकरीसारखी उलटत-पालटत होते. शेजारी नवरा घोरत होता. दोन्ही नाकपुड्यांनी.

पहाटे जागीच होते म्हणून मोबाइलवर पेरूच्या बचावाचे पुरावे शोधले, आणि एक सज्जड सापडला. 1946 साली इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ तिथल्या सरकारनं नुसत्या सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र काढलं होतं. महायुद्धातलं जुनं इस्पितळ होतं, त्याच्या बराकींमध्ये. धडधाकट माणसं तिथं दहा दिवस फुकट राहायला जात. जेवणखाण मिळे, वर हातखर्चाला थोडे पैसेही. त्या बदल्यात नाकात थेंब घालून घ्यायचे. थेंबांत सर्दीचा विषाणू असेल किंवा नसेल, ते सांगायचं नाही. ख्रिस्तोफर अँड्र्यूज नावाच्या शास्त्रज्ञानं तिथं काही लोकांना अंघोळ घालून, अंग न पुसता, वाऱ्याच्या बोळात अर्धा तास उभं केलं. नंतर ओले मोजे घालून बसवलं. निष्कर्ष असा की नुसत्या गारठ्यानं कुणाला सर्दी झाली नाही, आणि विषाणू दिलेल्यांपैकी गारठलेल्यांना काही जास्त झाली नाही.

सकाळी चहाबरोबर मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यात काही नवी जोडपी तिथं मधुचंद्राला म्हणून जात, असंही होतं. तेवढंच सासूबाईंनी ऐकलं.

"मधुचंद्राला? सर्दी लावून घ्यायला?"

"फुकट होतं ना."

"मग पुढं काय झालं? औषध सापडलं?"

नाही सापडलं. चाळीसहून जास्त वर्षं चालवून ते केंद्र बंद केलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या पेरूच्या टोपलीकडे बघून हसल्या.

आता एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. इथंच सांगते. 2005 साली वेल्समधल्या कार्डिफला 180 जणांवर असाच प्रयोग झाला. निम्म्यांचे पाय वीस मिनिटं थंडगार पाण्यात ठेवले, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या जास्त जणांनी सर्दीची तक्रार केली. विषाणू आधीच नाकात दबा धरून बसला असेल तर गारठ्यानं त्याला रान मोकळं होत असावं, असं त्या लोकांचं म्हणणं. पण त्यांनी कुणाच्या नाकातला विषाणू तपासला नव्हता. त्यामुळे हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही, असं मी ठरवलं आणि मोबाइल बंद केला.

सोमवारी शाळेत गेले. सर्दीसाठी रजा मागायची पद्धत आपल्याकडे नाही. ताप असेल तर माणूस आजारी, पाय मोडला तर बिचारा, आणि सर्दी असेल तर ‘जरा लांब बस’. पहिल्याच तासाला ‘बसा खाली’ म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आज मोठे सर आल्यासारखं वाटलं."

घरी आले तोवर नणंदेचा, मावशीचा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा सल्ला येऊन पोचला होता. त्या आठवड्यात मला जे काही दिलं गेलं, त्याची आठवण आहे तेवढी लिहिते. आलं, तुळस, गवती चहा आणि मिऱ्यांचा काढा, तोही पातेलंभर. हळद घातलेलं दूध. सुंठ-गुळाच्या गोळ्या. मधात कालवलेलं सितोपलादि चूर्ण. तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी, हुंगायला. कपाळावर उगाळलेलं वेखंड, ज्यामुळे दूधवाला दारातून दोन पावलं मागं सरकला. रात्री मूठभर गरम फुटाणे, आणि त्यावर पाणी प्यायचं नाही ही अट. अट का, हे विचारायचं नाही ही दुसरी अट. आणि हुलग्याचं माडगं. हे मात्र मी दोनदा मागून घेतलं. त्यानं सर्दीचं काय होतं कोण जाणे, पण ते गरम, तिखट, लसूण घातलेलं माडगं घशाखाली उतरताना अर्धा मिनिट का होईना, आपल्याला नाक आहे हे आठवतं.

वाफेचा कार्यक्रम रोज रात्री. पातेलं स्टुलावर, त्यात निलगिरीचे दोन थेंब, आणि डोक्यावरून पंचा. वाफेनं विषाणू मरत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. हे मी पंचाच्या आतून सांगत होते, पण बाहेर ‘हूं, हूं’ असंच ऐकू गेलं असणार. उकळतं पाणी डुगडुगत्या स्टुलावर ठेवणं हा सर्दीपेक्षा मोठा धोका. लहान मुलं अशानं भाजतात, म्हणून पातेलं तरी खाली फरशीवर ठेवा, एवढं मी भांडून मान्य करून घेतलं. त्या आठवड्यात विज्ञानाचा हा एकमेव विजय.

आणि गुळण्या. दिवसातून तीनदा, कोमट पाणी, मीठ. सासूबाई घड्याळ बघून ग्लास हातात देत.

बुधवारी सकाळी रुमालावरचा रंग बदलला. एरवी कुणी असल्या गोष्टीची चर्चा करत नाही, पण आमच्या स्टाफरूममध्ये डबा उघडूनही होते. "हिरवट झालं ना? मग आता अँटिबायोटिकशिवाय जायचं नाही," असं चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं. रंगाचं त्यांना कळणार, हे मला पटत होतं. पण हा हिरवा वेगळा. शरीरातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावून येतात, त्यांच्याजवळ लोह असलेलं एक हिरवट विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्याचा हा रंग. आपलंच सैन्य, आपलाच गणवेश.

तरी नवरा संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेलाच. दुकानदारानं काउंटरवरूनच रोगनिदान केलं आणि तीन गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. "अझिथ्रोमायसिन. दिवसाला एक. तीन दिवसांत साफ." पाकिटावर उभी लाल रेघ होती. चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून असते ती. मी ते पाकीट घरी जसंच्या तसं टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याला आठवीचा धडा शिकवला. प्रतिजैविकं जिवाणूंची भिंत पाडतात, नाहीतर त्यांचा प्रथिनांचा कारखाना बंद पाडतात. विषाणूकडे स्वतःची भिंत नाही आणि कारखानाही नाही. तो आपल्याच पेशीत भाडं न देता राहतो आणि आपल्याच कारखान्यात स्वतःचा माल काढतो. त्याचं या गोळीनं काय बिघडणार? उलट पोटातले बिचारे उपयोगी जिवाणू मरतील आणि जे उरतील ते गोळीला सरावतील. पुढं खरंच गरज पडेल तेव्हा ती चालायची नाही.

"म्हणजे परत करू?" नवरा म्हणाला. बहात्तर रुपये गेल्याचं दुःख त्याच्या आवाजात होतं.

खात्रीसाठी आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली, ताप मोजला. म्हणाले, सर्दी आहे. आराम करा, पाणी भरपूर प्या, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. सात-दहा दिवसांत जाईल, खोकला आणखी दोन आठवडे रेंगाळला तरी घाबरू नका. दम लागला, ताप चढत राहिला किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं तर लगेच या. आणि मिठाच्या गुळण्या करा.

मला आनंद झाला. घरी आल्यावर नवऱ्यानं आईला वृत्तांत दिला, "दोनशे रुपये घेतले आणि गुळण्या करा म्हणाले."

"मी फुकट सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

पण माझं मन पेरूतच अडकलं होतं. तो निर्दोष आहे एवढं सिद्ध करून भागत नाही, खरा गुन्हेगार हजर करावा लागतो. वेळेचा हिशेब मागं नेला तर गुरुवार रात्र ते रविवार सकाळ एवढा काळ संशयित. शनिवारी मी घरातच होते. शुक्रवारी शाळेत. आणि शुक्रवारी दुपारी रिकाम्या तासाला मी आठवी ‘ब’च्या 58 वह्या तपासल्या होत्या.

आठवी ‘ब’मध्ये त्या आठवड्यात निम्मा वर्ग शिंकत होता. हातात शिंकायचं, तोच हात वहीला पुसायचा आणि वही मॅडमना द्यायची, अशी तिथली रीत. या विषाणूला हवेतूनच यावं लागतं असं नाही. हातावर, वहीवर, दाराच्या कडीवर तो काही वेळ तग धरतो आणि बोटावर बसून पुढं जातो. मला आठवलं, पानं उलटताना मी जिभेला बोट लावते. छातीत धस्स झालं. मग आठवलं की तोंडावाटे त्याला फारसं जमत नाही, त्याला नाक किंवा डोळे लागतात. डोळ्यांतून नाकात उतरायला अश्रूंची नळी आहेच. सुटले म्हणायची वेळ आली होती.

आणि मग दुसरी सवय आठवली. दर चार-पाच वह्यांनंतर मी चष्मा कपाळावर सरकवते आणि दोन्ही हातांनी डोळे चोळते.

58 वह्या. म्हणजे निदान अकरा वेळा. शिवाय त्या वह्यांत त्या दिवशी तपासत होते काय, तर ‘संसर्ग टाळण्याचे उपाय’. पहिला उपाय सगळ्यांनी बरोबर लिहिला होता. ‘हात साबणाने स्वच्छ धुवावेत. डोळे व नाक यांना वारंवार हात लावू नये.’ त्यावर मीच लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. एकाला ‘छान’ असा शेराही दिला होता.

हे मी कुणाला बोलले नाही.

बुधवारीच रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला शिंक आली. मग दुसरी. मग सलग चार. मी भांडी आवरता आवरता मनात दिवस मोजले. रविवारी रात्री मी तळहातात शिंकले होते, आणि त्याच हातानं त्याला टीव्हीचा रिमोट दिला होता. रविवार ते बुधवार. बरोबर तीन दिवस. पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून छापावं इतकं चोख.

सासूबाई बाहेर आल्या. कंबरेवर हात.

"काय खाल्लंस?"

नवऱ्यानं खालच्या मानेनं टोपलीकडे पाहिलं. "काल एक पेरू खाल्ला होता. रात्री."

"रात्री!"

आता तो माझ्याकडे वळला. नाक लाल, डोळ्यांत पाणी. "तू सांग ना आईला. विषाणू, तीन दिवस, ते सगळं. कुणाकडून आला असेल मला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. ओट्यावर माझ्या नऊच्या गुळण्यांचा ग्लास भरून ठेवलेला होता. मी तो उचलला आणि तोंडात गुळणी धरली.