जबडा फाकवून ‘सोड’ शिकवता येत नाही

तीन आठवड्यांपूर्वी रात्री दहाला भाच्याचा फोन आला. “मामा, ब्रुनो माझ्यावर गुरगुरला. दात दाखवले त्यानं.” ब्रुनो म्हणजे ताईकडचा लॅब्राडोर, तेव्हा पाच महिन्यांचा. दिवाळीत मी त्याला पाहिलं तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येकासाठी तो तोंडात काहीतरी धरून यायचा. कधी चप्पल, कधी पायपुसणं, एकदा तर पोळ्यांच्या डब्यातलं फडकं. आणून पायाशी बसायचा आणि अख्खं अंग हलेल अशी शेपूट हलवायचा. तेच पिल्लू आता मोजा मिळाला की पलंगाखाली शिरतं आणि हात जवळ आला की गुरगुरतं.

खोदून विचारल्यावर कळलं. ताईच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला होता, ‘लॅब्राडोर २१ दिवसांत ऑर्डरवर! पोलीस ट्रेनरची गुपितं.’ ताईनं तो भाच्याला पाठवला आणि भाच्यानं तो इमानानं पाळला. नंतर तोच मेसेज मला आणखी दोघांनी पाठवला, ‘तुला कुत्र्यांची आवड आहे म्हणून.’ त्यातले मुद्दे थोडक्यात असे. कुत्रा कळपातला प्राणी, तुम्ही ‘अल्फा’, म्हणजे कळपाचे म्होरके, बना, रोज पाठीवर पाडून तो शांत होईपर्यंत दाबून धरा. तोंडातली वस्तू सोडत नसेल तर जबडा फाकवून काढून घ्या आणि नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी मारा. खाऊ देऊन शिकवू नका, लाचार होतो. सहा महिन्यांआधी काही शिकवू नका. हुकूम ऐकेपर्यंत मोठ्यानं म्हणत राहा. हाक मारल्यावर उशिरा आला तर तिथल्या तिथे शिक्षा करा. घरात शू केली तर त्यात नाक घासा. आणि रोज ५० वेळा बॉल फेका, रिट्रीव्हरचं रक्त आहे, दमेल.

मी काही पदवीधर प्रशिक्षक नाही. वीस वर्षांत तीन लॅब्राडोर वाढवले, आणि पहिल्याच्या वेळी आमच्या गल्लीत राहणारे, श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार काका मला शिकवायला होते. त्यामुळे ‘पोलीस ट्रेनरची गुपितं’ हे शब्द वाचून माझं डोकं तापलं, हे लपवत नाही.

सुरुवात जबड्यापासून करतो, कारण ब्रुनोचं नुकसान तिथे झालं.

लॅब्राडोर मुळात कशासाठी घडवला गेला? न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणारे पाणकुत्रे हे त्याचे पूर्वज. दोर आणि जाळ्यातून निसटलेले मासे ते पाण्यातून आणून द्यायचे. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी त्यांना बंदुकीच्या शिकारीसाठी वाढवलं आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या जातीची नोंद घेतली. शिकारीच्या कुत्र्यांत कामं वाटलेली असतात. पॉइंटर पक्षी कुठे दडलाय ते दाखवतो, स्पॅनिएल झुडपातून उठवतो, आणि लॅब्राडोरसारखा रिट्रीव्हर पडलेला पक्षी शोधून मालकाच्या हातात आणून देतो, दात न रुतवता. याला ‘मऊ तोंड’ म्हणतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, ती बंदच राहावी. पण पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली आणून देण्याची ओढ काही कायद्यानं जात नाही. तीच ओढ ताईच्या दारात चप्पल घेऊन उभी होती.

आता पिल्लाच्या बाजूनं बघा. ते सर्वांत मोलाची वस्तू घेऊन तुमच्याकडे येतं. तुम्ही जबडा धरता, बोटं आत घालता, वस्तू हिसकावता, वर नाकावर फटका देता. त्यातून ते शिकतं एवढंच, की माणसाचा हात जवळ आला म्हणजे वस्तूही गेली आणि दुखलंही. पुढच्या वेळी ते दूर पळेल. पकडलंत तर जबडा आणखी घट्ट आवळेल. मऊ तोंड कडक होतं ते असं. शेवटी गुरगुरेल, कारण पळायला जागा उरलेली नसते. ब्रुनोनं नेमक्या याच क्रमानं सगळं केलं.

त्यात त्याचं वय पाहा. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडून त्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या सुजलेल्या, एखादा दात लोंबकळत असलेला, आणि नेमका तेव्हाच जबडा फाकवायचा! शिकारीचे कुत्रे तयार करणारी जाणती माणसं या काळात वस्तू आणून द्यायचा सराव पूर्ण थांबवतात. तोंडात काही धरलं की दुखतं, अशी गाठ पिल्लाच्या मनात बसू नये म्हणून.

हे माझं मत म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी आकडे सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेनं २००९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना विचारलं, की याआधी घरी काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं काय प्रतिसाद दिला. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचं सांगितलं. तोंडातली वस्तू जबरदस्तीनं काढली, तिथे ३९ टक्के. पाठीवर पाडून दाबून धरलं, तिथे ३१ टक्के. आणि तोंडातल्या वस्तूच्या बदल्यात खाऊ दिला, तिथे फक्त ६ टक्के. हे कुत्रे आधीच काही ना काही तक्रारीचे होते, म्हणून प्रत्येक घरात हेच प्रमाण निघेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांत ३९ आणि ६ हा फरक मला पुरेसा बोलका वाटतो. मेसेज लिहिणाऱ्यानं आपल्या तीन ‘गुपितां’त नेमके हे तीन वरचे आकडे गोळा केलेत. ज्या घरात तो मेसेज जातो तिथे लहान मुलंही असतात, आणि त्यांचे चेहरे कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतात.

मग ‘सोड’ शिकवायचं कसं? काकांनी मला दाखवलं ते असं. घरातला अरुंद बोळ निवडायचा, आजूबाजूच्या खोल्यांची दारं लावायची आणि उघड्या टोकाला आपण जमिनीवर बसायचं. मोज्यांची गुंडाळी दोन-तीन मीटरवर टाकायची. पिल्लू धावतं, उचलतं, आणि परत यायला वाट एकच, तुमच्याकडची. आलं की गुंडाळीला हात लावायचा नाही. बहुतेक जण चुकतात ते इथे. छातीवर, मानेवर हात फिरवायचा, हळू आवाजात कौतुक करायचं, मिरवू द्यायचं. अर्ध्या मिनिटानं हनुवटीखाली तळवा धरायचा. पिल्लू स्वतःच तोंड सैल करतं, आणि नेमक्या त्या क्षणी म्हणायचं, “सोड.” शब्द कृतीवर बसतो, कृती शब्दावर लादायची नाही. असं दोनदा, फार तर तीनदा. पिल्लाला आणखी हवं असतानाच थांबायचं. ते पळून गेलंच तर मागे धावायचं नाही, उलट आपणच दुसरीकडे पळायचं. ते मागून येतं.

पुढे गुंडाळीच्या जागी कापडी डमी, म्हणजे सरावासाठीची नकली शिकार, बोळाच्या जागी अंगण, मग मैदान. डमी टाकल्या टाकल्या पिल्लाला धावू द्यायचं नाही, छातीला हात लावून पाच मोजेपर्यंत थांबवायचं. टाकलेल्यापैकी निम्म्या वेळा आपण उठून स्वतः आणायची, म्हणजे फेकलेली प्रत्येक गोष्ट आपलीच हा समज होत नाही. या सगळ्याला महिने लागतात. एकवीस दिवसांत माझ्या पहिल्या कुत्र्याला धड थांबायलाही जमत नव्हतं. तो पुढे तेरा वर्षं माझ्या हातात वस्तू देत होता.

आता ‘अल्फा’. ही कल्पना आली पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांवरून. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. तिथे परके लांडगे एकत्र ठेवलेले, मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना जगभर पोचवली, आणि त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठी झुंजणारी टोळी तिथे नसतेच. पुढे आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा असा आग्रहही त्यांनी प्रकाशकाकडे धरला. ज्यांनी ही गोष्ट लोकप्रिय केली त्यांनीच ती मागे घेतली, तरी आपल्या ग्रुपवर ती अजून ताजी म्हणून वाटली जाते. पाठीवर दाबून धरलेलं पिल्लू गप्प होतं ते घाबरून. घाबरलेलं पिल्लू नवीन काही शिकत नाही.

खाऊच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायला मला जड जातंय. वस्तू आणून देण्याच्या सरावात दर वेळी खाऊ पुढे केला, तर हुशार लॅब्राडोर चार पावलं आधीच वस्तू थुंकून खाऊकडे धावतो. म्हणून शिकारीच्या कुत्र्यांचे बरेच प्रशिक्षक हातात वस्तू घेताना खाऊ टाळतात. कौतुक आणि पुढची फेक हेच बक्षीस. पण यावरून ‘खाऊ कधीच नको’ कसं निघतं? ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे पिल्लाला खाऊवर फार लवकर येतं. ब्रुनोसारखं लपवायला लागलेलं पिल्लू असेल तर आधी खाऊशी अदलाबदल करूनच विश्वास परत आणावा लागतो. लॅब्राडोर खादाड असतो हेही खरं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये साधारण चौथाई लॅब्राडोरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असल्याचं आढळलं, आणि मदतनीस म्हणून निवडलेल्या कुत्र्यांत तर त्याचं प्रमाण आणखी जास्त निघालं. दिलेला खाऊ जेवणातून वजा करा, म्हणजे झालं.

‘सहा महिन्यांआधी काही शिकवू नका’ यातही एक धागा बरोबर आहे. लांब पल्ल्याचा सराव, उंच उड्या, कडक शिस्त यांना घाई नको, कारण या जातीची हाडं पक्की व्हायला वर्षाहून जास्त लागतं. पण पिल्लाचं मन जगाला सरावतं ते तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. तेव्हा माणसं, आवाज, रिक्षा, कुकरची शिट्टी, हे सगळं शांतपणे ओळखीचं करून द्यायचं. नाव, ‘बस’, ‘ये’ हे आठव्या आठवड्यापासून खेळता खेळता येतं. सहा महिने वाट पाहणं म्हणजे उत्तम काळ वाया घालवणं.

हाक मारल्यावर उशिरा आला म्हणून मारायचं, हा सल्ला वाचून मला खरंच कळेना की लिहिणाऱ्यानं कुत्रा कधी पाळलाय का. कुत्रा शिक्षेचा संबंध लावतो तो अगदी त्या क्षणाच्या कृतीशी. शेवटची कृती कोणती, तर तुमच्याकडे येणं. म्हणजे शिक्षा येण्याचीच झाली. उद्या तो येणारच नाही, आणि रस्त्यावर गाडी समोर असताना न येणारा कुत्रा जिवाला मुकतो. मी शिट्टी वापरतो. जेवणाची थाळी ठेवताना तीन छोट्या फुंकी, रोज. मग मैदानात दहा मीटरची दोरी बांधून त्याच तीन फुंकी. शिट्टीत माणसाचा राग ऐकू येत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि हुकूम एकदाच. दहादा ‘बस बस बस’ म्हटलं की दहाव्यांदा बसायचं असतं, हेच तो शिकतो.

शूमध्ये नाक घासणं ही निव्वळ क्रूरता आहे. त्यावर याहून जास्त शब्द घालवत नाही. पन्नास वेळा बॉलबद्दल, वाढत्या सांध्यांवर तो मारा नको, आणि उन्हाळ्यात तर नकोच. दुहेरी केसांचा हा थंड प्रदेशातला कुत्रा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत काय ते उरका.

राहिलं ‘पोलीस ट्रेनर’ हे नाव. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर या लॅब्राडोरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. काका म्हणायचे, वासाचं काम मारून करून घेता येत नाही. घाबरलेला कुत्रा हँडलरचा, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाचा, चेहरा बघत बसतो आणि जिथे काही नाही तिथेही ‘सापडलं’ म्हणून बसून दाखवतो. त्यांच्या खिशात कायम एक जुना चेंडू असायचा. काम बरोबर झालं की तो बाहेर यायचा.

भाच्याला मी सांगितलं, महिनाभर त्याच्या तोंडातल्या कशालाही हात लावायचा नाही. चपला वर ठेवा, मोजे कपाटात. तोंडात धोक्याचं काही असेलच, तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून बदली करा. संध्याकाळी फक्त बोळात त्याच्याकडे पाठ करून बसायचं. तीन आठवडे तो तसा बसतोय. काल त्याचा फोन आला. ब्रुनो मोज्यांची गुंडाळी घेऊन पलंगाखालून निघाला, बोळात अर्ध्यापर्यंत आला, उभा राहिला, गुंडाळी तिथेच ठेवली आणि येऊन त्याच्या पाठीला टेकून बसला. भाच्यानं विचारलं, “मामा, उचलू का ती?” म्हटलं, राहू दे तिथेच.

ताई, तो मेसेज तू आणखी कुणाकुणाला पाठवलास, त्या प्रत्येकाला हे पाठव. आज रात्रीच.