पवनचक्क्यांनी पाऊस पळवला का? माणमधल्या एका वाचकाला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने पावसाबद्दल रागाने लिहावं, यात मला काही गैर वाटत नाही. तुमचं म्हणणं असं: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या आणि आमचा पाऊस गेला, पाती ढग उधळून लावतात, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तर तापमानवाढ कसली?

एकदा जुलैत चाळकेवाडीला जाऊन बघा. ढग इतके खाली उतरलेले असतात की पवनचक्कीचा खांब दिसतो आणि फिरणारी पाती धुक्यात दिसेनाशी होतात. त्याच पात्यांखाली धो धो पाऊस चालू असतो. शेजारी ठोसेघरचा धबधबा कोसळत असतो. पाती ढग पांगवत असती, तर पहिलं कोरडं पडलं असतं ते हे पठार. पावसाळी ढग तळापासून माथ्यापर्यंत काही किलोमीटर उंच असतो, पवनचक्की त्यापुढे केवढीशी!

ढग तुमच्या डोक्यावरून न बरसता जातात, हे तुम्ही पाहिलंय ते खरंच आहे. पण ते काम सह्याद्रीचं. वारा घाट चढताना पाणी तिथेच टाकतो, पलीकडे उतरताना हवा तापते आणि ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळात या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती. शिवाय माणची खरी भिस्त वळवावर आणि सप्टेंबरच्या पावसावर. ते ढग बरेचदा तुमच्याच रानावर, दुपारच्या उन्हात तयार होतात.

पवनचक्क्यांसाठी जमिनी कशा गेल्या, रस्त्यांसाठी पठार कसं खरवडलं, यावर जरूर भांडा. मीही तुमच्याबरोबर आहे. पावसाचं खापर मात्र तिथे फोडू नका, कारण मग जे खरंच बदलतंय त्याकडे कुणी बघत नाही.

थंडीचं म्हणाल तर दोन-चार गारठ्याच्या रात्री म्हणजे हवामान नव्हे. ते तीस-तीस वर्षांच्या सरासरीवरून ठरतं आणि जगाचं सरासरी तापमान औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत एक अंशाहून जास्त चढलं आहे. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जास्त जोराने पडण्याची शक्यता वाढते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. तुमच्या तालुक्याचा अख्ख्या वर्षाचा पाऊस! त्या एका दिवसावरून तापमानवाढ सिद्ध होते असं मी म्हणणार नाही, जसं एका गारठ्यावरून ती खोटी ठरत नाही.

तुमच्याकडे हाच जोर वेगळ्या रूपात येतो. एका संध्याकाळी ओढा फुटेस्तोवर पाऊस आणि मग तीन आठवडे उघडीप. एकूण आकडा सरासरीला जुळतो, बाजरी मात्र करपते. कोरेगावच्या वेळूने आणि तुमच्याच माणमधल्या टाकेवाडीने समतल चर खोदले, बांध घातले ते या एका संध्याकाळचं पाणी धरण्यासाठी. तुमच्या मंडलाच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद तहसीलमध्ये मिळेल. एकूण पाऊस सोडा, पावसाचे दिवस मोजा आणि इथेच लिहा.